साउंड लेव्हल मीटर रेकॉर्डरला जोडताना: केबलच्या आधी कॅलिब्रेशन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरासमोरच्या लॉन्सवर लग्नसराईत डीजे लागतो. तुमच्याकडे ऑनलाइन घेतलेला साउंड लेव्हल मीटर आहे, त्याच्या बाजूला ३.५ मिमीचा जॅक आहे आणि सोबत हातात मावणारा एक ऑडिओ रेकॉर्डर आहे. आवाज आणि त्याचे डेसिबल दोन्ही एकदमच साठवून ठेवायचे आहेत. दोन्ही टोकांना पिन असलेली साधी स्टिरिओ केबल लावून पाहिलीत, तर आवाज फाटतोय, मागे घरघर ऐकू येतेय आणि रेकॉर्डरवरची पातळी आणि मीटरवरचा आकडा यांचा काही मेळ लागत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत, योग्य केबल कोणती? शिवाय अशा रेकॉर्डिंगचं वजन किती आणि वेळेचा मेळ कसा ठेवायचा, हेही.

केबलचं सांगतोच, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. रेकॉर्डरला डेसिबल कळत नाहीत. त्याला फक्त व्होल्टेज कळतं आणि तेही तो स्वतःच्या कमाल मर्यादेच्या तुलनेत मोजतो. फाइलमध्ये 'उणे ३०' दिसतं म्हणजे रेकॉर्डरच्या छतापासून ३० डीबी (डेसिबल) खाली. खिडकीत तेव्हा ६० डेसिबल होते की १००, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही. फाइलमधली पातळी आणि खरे डेसिबल यांच्यातला दुवा, म्हणजेच कॅलिब्रेशन, आपणच फाइलमध्ये घालायचा असतो आणि घातल्यावर तो तुटू द्यायचा नसतो. मी कारखान्यांतली आणि कार्यक्रमांतली आवाजाची मोजणी करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बिनकामाच्या रेकॉर्डिंगमध्ये केबल ठीकच असते, हा दुवा मात्र नसतो.

पुढचं बरंचसं तुमच्या मीटरच्या मॉडेलवर अवलंबून आहे. मॅन्युअलमधलं 'आउटपुट'चं पान उघडून समोर ठेवा.

या मीटरना साधारणपणे दोन प्रकारचे आउटपुट असतात, एसी आणि डीसी. एसी आउटपुट म्हणजे माइकने ऐकलेला प्रत्यक्ष आवाज, विजेच्या रूपात. तो हेडफोनवर ऐकता येतो, रेकॉर्ड करता येतो. डीसी आउटपुट म्हणजे पडद्यावरच्या आकड्याच्या प्रमाणात हळूहळू वरखाली होणारं व्होल्टेज. बहुतेक मीटरमध्ये ते दर डेसिबलला १० मिलिव्होल्ट असतं, म्हणजे ९४ डेसिबलला ०.९४ व्होल्ट. त्यात गाणं नसतं, ढोल नसतो, फक्त पातळी असते. ऑडिओ रेकॉर्डरच्या इनपुटला कपॅसिटर असतो आणि तो स्थिर व्होल्टेज अडवतो. त्यामुळे डीसी आउटपुट ऑडिओ रेकॉर्डरला जोडून काहीच हाती लागत नाही. त्यासाठी डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने व्होल्टेज नोंदवणारं यंत्र लागतं.

अनेक स्वस्त मीटरमध्ये हे दोन्ही आउटपुट एकाच स्टिरिओ जॅकवर दिलेले असतात. टोकावर एक, मधल्या कड्यावर दुसरा आणि खाली सामाईक ग्राउंड. टोकावर एसी आहे की डीसी हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलमधली आकृती बघा. तुमच्या फाटलेल्या आवाजाचं एक कारण इथेच असू शकतं. रेकॉर्डरच्या मोठ्या कॉम्बो जॅकमध्ये (जो माइकची तीन पिनांची एक्सएलआर आणि ६.३५ मिमीची पिन, दोन्ही घेतो) तुम्ही स्टिरिओ पिन घातली असेल, तर रेकॉर्डर तिला स्टिरिओ मानत नाही, बॅलन्स्ड मानतो. म्हणजे टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा सिग्नल वजा करतो. मग एसीमधून डीसी वजा होतो, आणि प्रत्येक ठोक्यासरशी डीसी हलला की त्याचा एक मंद हेलकावा तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळतो. ऐकताना तो नुसता धक्क्यासारखा जाणवतो, पण मोजणीत खालच्या फ्रिक्वेन्सीत नसलेला आवाज दिसायला लागतो.

याच्या उलट, मीटरच्या स्टिरिओ जॅकमध्ये मोनो पिन खुपसली तर कड्यावरचा आउटपुट थेट ग्राउंडला टेकतो. बहुतेक मीटर आतल्या रेझिस्टरमुळे ते सहन करतात, पण कुणाचं आउटपुट शॉर्ट ठेवून मोजणी करणं मला पटत नाही.

तेव्हा केबल अशी करून घ्या. मीटरच्या बाजूला ३.५ मिमी स्टिरिओ पिन, तिच्यात फक्त एसीचा संपर्क आणि ग्राउंड जोडलेले, डीसीचा संपर्क मोकळा. रेकॉर्डरच्या बाजूला कॉम्बो जॅक असेल तर ६.३५ मिमी मोनो पिन, आणि नुसता ३.५ मिमीचा लाइन-इन असेल तर स्टिरिओ पिन, एसी फक्त डाव्या चॅनलला. शिल्डेड वायर, लांबी दोनतीन मीटर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान मिळतं, आणि सोल्डरिंग येणारा कुणीही अर्ध्या तासात केबल बनवून देतो. केबलचा विषय इथे संपला.

आता इनपुट. एसी आउटपुट ही लाइन पातळीची गोष्ट आहे. बऱ्याच मीटरमध्ये चालू रेंजच्या वरच्या टोकाला अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. माइक इनपुट काही मिलिव्होल्टसाठी बनवलेला असतो. एक व्होल्ट तिथे सोडलात तर आवाज फाटणारच, गेन (रेकॉर्डर सिग्नल किती वाढवतो ते) कितीही खाली करा. म्हणून लाइन-इनच वापरा. रेकॉर्डरला फक्त माइक इनपुट असेल तर मध्ये पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारी छोटी जोडणी घाला. सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि त्यानंतर सिग्नल व ग्राउंडच्या मध्ये १०० ओहमचा दुसरा. झाला ४० डीबीचा पॅड, पाचदहा रुपयांत. तो पिनच्या कवचातसुद्धा बसतो.

मेन्यूत जाऊन दोन व्होल्टेज बंद आहेत याची खात्री जोडण्याआधी करा. कॉम्बो जॅकच्या एक्सएलआरवर ४८ व्होल्टचं फँटम (माइकला पुरवलेली वीज) असतं आणि ३.५ मिमीच्या माइक जॅकवर छोट्या कॉलर माइकसाठी दोनअडीच व्होल्टचं प्लग-इन पॉवर असतं. मीटरचं आउटपुट बाहेर सिग्नल द्यायला बनवलेलं असतं, उलट दिशेने व्होल्टेज घ्यायला नाही. फँटमने ते जळू शकतं.

रेकॉर्डरच्या बाकीच्या सोयीही बंद करायच्या आहेत: ऑटो लेव्हल, लिमिटर, कॉम्प्रेसर, लो-कट, नॉइज रिडक्शन. मुलाखत रेकॉर्ड करताना यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी आहे, मोजणीत प्रत्येक गोष्ट घात करते. ऑटो लेव्हल चालू असेल तर डीजे मोठा झाला की रेकॉर्डर स्वतःच गेन उतरवतो आणि तुमच्या फाइलमध्ये संध्याकाळी सातचा आवाज आणि रात्री अकराचा आवाज सारखाच दिसतो. लो-कट चालू असेल तर बेस गायब होतो, आणि तुमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात ती बेसमुळेच. फाइल डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मोनोला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, कार्ड त्या हिशेबाने घ्या. एमपी३ नको, तिच्यात कानाला न कळणारा भाग काढून टाकलेला असतो आणि आपल्याला इथे कानाच्या मतापेक्षा हिशेब महत्त्वाचा आहे.

मोबाइलच्या हेडसेट जॅकला मीटर जोडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. फोनच्या आत बोलण्यासाठी केलेली इतकी प्रक्रिया असते की ती पूर्ण बंद झाली हे सिद्ध करणं अवघड जातं.

आता मी जिथे सगळ्यात जास्त वेळ देतो तो भाग, मीटरची रेंज.

तुमच्यासारख्या मीटरना बहुधा ३० ते ८०, ५० ते १०० आणि ८० ते १३० अशा रेंज असतात, आणि एक 'ऑटो'. एसी आउटपुटचं पूर्ण व्होल्टेज चालू रेंजच्या वरच्या टोकाला जुळवलेलं असतं. समजा ते एक व्होल्ट आहे. ५० ते १०० रेंजवर १०० डेसिबलला एक व्होल्ट, म्हणजे ९४ डेसिबलला अर्धा व्होल्ट. तोच ९४ डेसिबलचा आवाज ८० ते १३० रेंजवर मोजलात तर आउटपुटला जेमतेम १६ मिलिव्होल्ट येतात. आवाज तोच, फाइलमधली पातळी मात्र ३० डीबीने खाली. मीटर ऑटोवर असेल तर कार्यक्रमाच्या ऐन रंगात तो स्वतः रेंज बदलतो, पडद्यावरचा आकडा बरोबर राहतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज वाढल्याच्या क्षणी पातळी कोसळते. तुमचा मेळ बसत नव्हता त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. रेंज हाताने निवडा आणि मोजणी संपेपर्यंत बटणाला बोट लावू नका.

मग कोणती रेंज? इथे 'अवलंबून आहे' म्हणणं भाग आहे. मीटरवर दिसतो तो सरासरीकडे झुकणारा आकडा. आवाजाची शिखरं त्याच्या कितीतरी वर असतात. डीजेच्या, चढउतार दाबून टाकलेल्या संगीतात ती १० ते १५ डीबी वर जातात, ढोल-ताशात २० डीबीसुद्धा. खिडकीत ९० डेसिबल दिसत असतील तर शिखरं ११० ला टेकलेली असू शकतात. ५० ते १०० रेंजवर मीटरचं स्वतःचं आउटपुटच तिथे फाटतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आताशा ३२-बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत आणि 'यात आवाज फाटतच नाही' असं लोक सांगतात. रेकॉर्डरच्या आत फाटत नाही हे खरं. पण मीटरमधून बाहेर पडतानाच जो फाटला, त्याला पुढचं कुठलंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून कार्यक्रम चालू असतानाची मोजणी ८० ते १३० वर करा. त्या रेंजवर शांत रात्रीचा ४५ डेसिबलचा आवाज मीटरच्या स्वतःच्या विजेच्या खरखरीत बुडून जातो, त्याला इलाज नाही. कार्यक्रम नसतानाच्या रात्रीची पार्श्वभूमी मोजायची असेल तर ती खालच्या रेंजवर, वेगळ्या फाइलमध्ये करा. एकाच फाइलमध्ये दोन्ही बसवायचा मोह होतो, पण या किमतीच्या मीटरमध्ये ते बसत नाही.

रेंज ठरली की दुवा घालायचा. त्यासाठी कॅलिब्रेटर लागतो: एक छोटी डबी, जिच्या भोकात मीटरचा माइक घट्ट बसवला की ती १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबलचा स्थिर सूर देते. काहींवर ११४ चीही सोय असते. ९४ डेसिबल म्हणजे जवळजवळ एक पास्कल दाब, म्हणून हा आकडा जगभर धरला जातो. अर्ध्या इंचाच्या माइकसाठीचं अडॅप्टर बहुतेक स्वस्त मीटरनाही बसतं, पण विकत घेण्याआधी बसवून बघा. सैल बसलं तर आकडा खोटा येतो. विकत घेणं जड वाटत असेल तर ओळखीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, कारखान्याच्या सेफ्टी विभागात विचारा. दोन दिवसांसाठी मिळून जातो.

माझी पद्धत अशी. मीटर, केबल, पॅड, रेकॉर्डर सगळं प्रत्यक्ष मोजणीत असेल तसंच जोडतो. मीटरवर ठरवलेली रेंज, रेकॉर्डरवर ठरवलेला गेन. कॅलिब्रेटर माइकवर चढवतो, मीटरवर ९४.० दिसतंय ना ते पाहतो, नसेल तर स्क्रूने तसं आणतो. मग रेकॉर्डिंग सुरू करून तो सूर अर्धा मिनिट घेतो. त्यानंतर गेनच्या चकतीवर कागदी चिकटपट्टी. ती चकती खिशात, पिशवीत, कुणाच्याही हाताने फिरते, आणि एकदा फिरली की आधीचं सगळं रद्द. कार्यक्रम रेकॉर्ड करून झाला की, काहीही न सोडवता, पुन्हा अर्धा मिनिट तोच सूर. सुरुवातीचा आणि शेवटचा सूर अर्ध्या डीबीच्या आत जुळले तर मधलं सगळं विश्वासाचं. जास्त फरक पडला तर मी ती फाइल मोजणीसाठी वापरत नाही.

आता हिशेब. समजा त्या सुराची आरएमएस (सरासरी ताकदीची) पातळी सॉफ्टवेअरमध्ये उणे ४३ दिसली. ९४ मध्ये ४३ मिळवा, १३७. हा तुमच्या फाइलचा जादा आकडा. यानंतर त्याच फाइलमधल्या कुठल्याही भागाची आरएमएस पातळी घ्या आणि तिच्यात १३७ मिळवा. डीजेच्या एका मिनिटाची पातळी उणे ४९ आली तर त्या मिनिटाचा आवाज ८८ डेसिबल. केबलमध्ये किती गेलं, पॅडने किती खाल्लं, मीटरचं आउटपुट आणि रेकॉर्डरचं इनपुट यांच्या इम्पिडन्समुळे (विजेच्या अडथळ्यामुळे) किती घटलं, यातलं काही वेगळं काढावं लागत नाही. सूर त्याच वाटेने गेलेला असतो, त्यामुळे ती सगळी घट त्याच्यातही तेवढीच आलेली असते.

याच आकड्यातून आणखी एक गोष्ट कळते. १३७ म्हणजे तुमच्या फाइलचं छत, १३७ डेसिबलचं शिखर आलं तर रेकॉर्डिंग फाटेल. ९० डेसिबल अधिक शिखरांचे २० धरले तरी ११०, म्हणजे भरपूर जागा आहे आणि गेन दहाएक डीबी वाढवायला हरकत नाही. वाढवलात तर सूर पुन्हा घ्यायचा, हे ओघाने आलंच.

एक सावधगिरी इथे हवी. सूर आणि आवाज दोन्हीची आरएमएस पातळी एकाच सॉफ्टवेअरमध्ये मोजा. काही सॉफ्टवेअर पूर्ण उंचीच्या सूराला शून्य मानतात, काही उणे ३. शिवाय पडद्यावर उड्या मारणारी पट्टी बहुधा शिखर दाखवते, आरएमएस नाही. सूर एकीकडे आणि डीजे दुसरीकडे मोजलात तर नकळत ३ डीबीची चूक शिरते. ऑडेसिटीतली आरएमएस मोजणी या कामाला पुरते. आणि मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा. 'नॉर्मलाइझ' किंवा 'अँप्लिफाय' एकदा दाबलं की दुवा तुटला.

कॅलिब्रेटर मिळालाच नाही तर? तरीही काम होतं, फक्त दावा लहान करावा लागतो. खोलीत स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सततचा सळसळता आवाज) लावा, मीटर 'स्लो'वर ठेवा, आकडा स्थिरावला की तो मोठ्याने न बोलता कागदावर लिहा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करा. समजा मीटरवर ८५ दिसतात आणि त्या भागाची पातळी उणे ५२ आहे, तर जादा आकडा १३७. मीटरच्या डिस्प्लेवर आणि आउटपुटवर वेटिंग (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती वजन द्यायचं, ती ए किंवा सी सेटिंग) एकच असायला हवं, ही अट आहे. आता फाइल मीटरशी जुळली. मीटर खुद्द किती खरा आहे, हे मात्र यातून कळत नाही. काही मीटरमध्ये आतला ९४ चा कॅलिब्रेशन सिग्नल असतो, पण तो विजेच्या भागाची परीक्षा घेतो, माइकची नाही. आणि पहिला बिघडतो तो माइकच, पावसाळ्यात विशेषतः.

वेटिंगचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. आपल्या कायद्यातल्या मर्यादा ए-वेटिंगच्या आहेत, म्हणून सगळे मीटर 'ए'वर ठेवतात. बऱ्याच मीटरमध्ये 'ए' निवडलं की एसी आउटपुटसुद्धा ए-वेटेड होतं. म्हणजे ६३ हर्ट्झचा बेस २६ डीबीने आणि १२५ हर्ट्झचा १६ डीबीने कापूनच फाइलमध्ये येतो. नंतर तो नीट परत आणता येत नाही. त्याऐवजी मीटर 'सी'वर ठेवा, किंवा 'झेड' असेल तर त्यावर. फाइलमध्ये सगळा बेस येऊ द्या आणि ए-वेटिंगचा फिल्टर नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावा. ('सी'वर रेकॉर्ड केलंत तर अगदी खालच्या टोकाला थोडा फरक राहतो, डेसिबल-एच्या आकड्यात तो दिसतही नाही.) एकाच फाइलमधून मग दोन आकडे निघतात, एक कायद्याशी ताडायला आणि एक बेसचा. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा १५-२० डीबीने वर असेल, तर घरातल्या आजीच्या छातीत धडधडतं ते का, हे त्या फरकातून दिसतं. १ किलोहर्ट्झला ए आणि सी दोन्ही शून्यावर असतात, म्हणून कॅलिब्रेटरचे ९४ दोन्हीकडे ९४ च राहतात. कॅलिब्रेटर म्हणून जुना २५० हर्ट्झचा पिस्टनफोन कुणी दिला तर हे लागू नाही, तिथे ए-वेटिंग ८.६ डीबी कापतं.

घरघरीचं उत्तरही इथेच दडलंय. ती ५० हर्ट्झची आहे, विजेच्या मेन्समधून आलेली. रेकॉर्डर किंवा मीटर अडॅप्टरवर चालत असेल, किंवा लॅपटॉप चार्जरला लावून त्यात थेट रेकॉर्ड करत असाल, तर ती येते. दोन्ही यंत्रं बॅटरीवर चालवा, नव्वद टक्के वेळा ती तिथेच थांबते. ही घरघर मीटरच्या पुढे, केबलमध्ये शिरते. मीटर 'ए'वर असेल तर वेटिंग आधीच होऊन गेलेलं असतं आणि घरघर पूर्ण ताकदीने हिशेबात येते. फिल्टर नंतर लावणार असाल तर तोच फिल्टर ५० हर्ट्झला ३० डीबीने खाली दाबतो. थोडी उरलेली घरघरही मग निरुपद्रवी होते. सी-वेटिंगच्या आकड्याला मात्र ही सूट नाही, तिथे घरघर खरंच जायला हवी.

डीसी आउटपुटचं थोडक्यात सांगतो, कारण रात्रभराच्या नोंदीसाठी तो चांगला पर्याय आहे. दहा मिलिव्होल्टला एक डेसिबल हे प्रमाण अर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डालासुद्धा वाचता येतं. ५ व्होल्टच्या संदर्भावर त्याची एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा डेसिबल, आणि या कामाला तेवढं पुरतं. पण नोंदींची सरासरी काढताना आकड्यांची साधी बेरीज करून भागाकार करू नका. अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ८० असेल तर सरासरी ७० येत नाही. आधी प्रत्येक आकडा ऊर्जेत बदलायचा, मग सरासरी, मग पुन्हा डेसिबल. उत्तर येतं ७७. कायद्यातली मर्यादा एलईक्यूमध्ये आहे आणि एलईक्यू म्हणजे हीच ऊर्जेची सरासरी.

त्या मर्यादा अशा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल-ए, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक ठिकाणच्या लाउडस्पीकरसाठी त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा १० डीबी जास्त किंवा ७५, यातला जो कमी तो. खासगी जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डीबीच जास्त चालतो. म्हणजे तुमच्या खिडकीतला आकडा आणि लॉन्सच्या कुंपणावरचा आकडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शक्य असेल तर दोन्हीकडे मोजा आणि कुठला कुठे घेतला ते लिहून ठेवा. बाल्कनीत मोजताना मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज साधारण ३ डीबी भर घालतो, हेही नोंदीत असू द्या. माइकवर स्पंजचा गोळा हवाच. मीटर स्टँडवर ठेवा, कठड्यावर टेकवू नका. कठडा बेसने थरथरतो आणि ती थरथर माइकपर्यंत पोचते.

अशा रेकॉर्डिंगचं वजन किती, हेही तुम्ही विचारलंय. तुमचा मीटर क्लास २ चा असेल, म्हणजे १ किलोहर्ट्झला साधारण दीड डीबीची सूट गृहीत. मर्यादा ५५ आणि तुमच्याकडे ५६ आले, तर त्यावर भांडू नका. ८८ आले तर दीड डीबीने काही बिघडत नाही. कारवाईसाठी पोलिस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ स्वतःच्या मीटरने घेतलेली मोजणीच धरतील, असं समजून चाला. तुमच्या फाइलचं काम आहे त्यांना योग्य रात्री, योग्य वेळी तिथे आणणं, आणि त्यासाठी तारीखवार नोंद फार उपयोगी पडते. प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ वकिलांना विचारा. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात फाइलचा हॅश (फाइलमधून काढलेला, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा) लिहावा लागतो. म्हणून कार्ड घरी आणल्याबरोबर मूळ फाइलचा एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढून ठेवा, कार्डाचं लॉक सरकवा आणि मीटरचं कॅलिब्रेशन एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून वर्षाला एकदा करून घ्या. आणखी एक, बाल्कनीतला माइक शेजारच्यांचं बोलणंही टिपतो. फाइल कुणाला देताना तो भाग कापलेली प्रत द्या, मूळ आपल्याजवळ.

वेळेच्या मेळाबद्दल शेवटी विचारलं होतंत. रेकॉर्डरचं घड्याळ फोनच्या वेळेशी त्याच संध्याकाळी जुळवा. तारीख, वेळ, जागा, रेंज, वेटिंग, गेन हे सुरुवातीच्या सुरानंतर मीटरसमोर उभं राहून एकदा बोलून टाका आणि मग दोन मिनिटं बाजूला व्हा. नंतर मध्येच बोललात तर तुमचा आवाज मोजणीत येतो. रेकॉर्डरला दोन इनपुट असतील तर दुसऱ्या चॅनलवर कॉलर माइक लावून त्यावर हळू आवाजात नोंदी बोलता येतात: 'वरात गेटवर आली', 'ट्रक गेला', 'फटाके'. नंतर एलईक्यू काढताना ट्रक आणि फटाके वगळायला याचा फार उपयोग होतो. विरुद्ध बाजू पहिला प्रश्न तोच विचारते की हा आवाज आमचाच कशावरून.

मीटरच्या मॅन्युअलमधल्या तीन ओळी इथे लिहा: एसी आउटपुट पूर्ण रेंजला किती व्होल्ट, आउटपुट इम्पिडन्स किती, आणि जॅकच्या कुठल्या संपर्कावर काय. सोबत रेकॉर्डरचं मॉडेल. म्हणजे पॅड लागेल की नाही आणि गेन कितीवर ठेवायचा, हे आकड्यांत सांगता येईल.